बोट उभी, बाजूला पडाव

"कोकणात का? मासे खायला?" शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो. एका बुडालेल्या बोटीपायी चाललोय, आणि ती बोट बुडाली कोकणापासून लांब, असं खरं सांगितलं असतं तर त्यांनी काळजीने घरी फोन केला असता.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी नौदलाविषयी वाचताना मला 'प्रभावती' भेटली. एच. एम. आय. एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) प्रभावती. ५५६ टनांची, १९३३ सालची बांधणी, युद्धात गस्तीच्या कामाला जुंपलेली. ८ डिसेंबर १९४१च्या रात्री ती अरबी समुद्रात बुडाली. बुडवणारे जपानी नव्हते की इटालियन नव्हते. 'ग्लासगो' नावाच्या ब्रिटिश क्रूझरने, म्हणजे आपल्याच बाजूच्या जहाजाने, तिला जपानी पाणबुडी समजून गोळे घातले. प्रभावती कराचीकडे निघाली होती. ओढून न्यायचे लायटर, म्हणजे माल वाहायच्या सपाट होड्या, सोबत होते आणि त्या वेळी ते तिच्या कुशीला लागलेले होते. नौदलाच्या इतिहासात तिच्या वाट्याला एवढ्या दोन-तीन ओळी येतात.

मी अडकलो तो नावापाशी. पार्वती, दीपावती, सत्यवती, प्रभावती. ही कुठे युद्धनौकांची नावं असतात? ही तर हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांची यादी वाटते. आमच्या आजीच्या बोलण्यातही आगबोटींची नावं अशीच यायची. मुंबईहून निघून बंदराबंदरावर माणसं उतरवत जाणाऱ्या, आंब्याच्या पेट्या आणि पाहुणे सारख्याच मायेने वाहून नेणाऱ्या बोटी. तेव्हा ठरवलं, निदान त्या बोटींची बंदरं तरी एकदा क्रमाने बघायची. आतेभाऊ मोटरसायकल घेऊन तयार झाला. त्याचं म्हणणं एकच होतं: दिवसातून एकदा बांगडा मिळाला पाहिजे.

पहिला दिवस, ५ डिसेंबर: भाऊचा धक्का ते श्रीवर्धन

कालच नौदल दिन झाला. १९७१च्या ४ डिसेंबरला आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याचा हा दिवस. प्रभावती तीस वर्षं आधी, डिसेंबरातच, त्याच कराचीला चालली होती. योगायोग म्हणून नोंदवतो, त्यातून काही काढायचं नाही.

सकाळी धक्क्यावर जाताना मस्जिद बंदरावरून गेलो. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये अविभाजित हिंदुस्थानच्या नौदलातल्या आणि व्यापारी जहाजांवरच्या, १९३९ ते १९४५ या काळात गेलेल्या दर्यावर्दींची स्मरणयादी आहे. साडेसहा हजारांच्या आसपास नावं. तशीच दुसरी प्रत चितगावला. ज्यांना समुद्राशिवाय कबर मिळाली नाही अशी ही माणसं. टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते, हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत होता, आणि आतेभावाला रो-रो चुकायची धास्ती. थांबलो नाही. परत आल्यावर सवडीने जायचं ठरवलंय.

रो-रो म्हणजे तरंगता वाहनतळ. मोटरसायकल पोटात, आपण वर, हातात चहा. मांडव्याला जाईपर्यंत पाण्यावर आहोत हेही जाणवत नाही. आजीला हे दाखवायला हवं होतं. तिच्या भाषेत 'बोट लागणे' याचे दोन अर्थ होते: एक, बोट बंदराला येणे, दोन, माणसाला मळमळून येणे. पहिल्यापाठोपाठ दुसरं ठरलेलंच असायचं.

रेवसच्या बाजूला काशाचा खडक. तिथेच १७ जुलै १९४७ला, ऐन गटारी अमावास्येला, 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याच्या आत आलं. कोकणातल्या जुन्या घरांत अजूनही कुणी ना कुणी 'रामदास'ची आठवण काढतं. तिच्याआधी 'तुकाराम' आणि 'जयंती', दोन्ही ११ नोव्हेंबर १९२७ला, एकाच दिवशी. या बोटींची घराघरात आठवण आहे, कारण त्यांत आपली माणसं होती, सुट्टीला निघालेली, ओळखीची. प्रभावतीवरची माणसंही कुणाची तरी होतीच. पण ती युद्धात गेली, आणि युद्धाच्या बातम्या तेव्हा चाळून यायच्या.

उरलेला दिवस रस्त्यात गेला. अलिबाग, रेवदंडा, मुरूड. जंजिरा दुरूनच पाहिला. आगरदांड्याला पोहोचलो तर दिघीची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बोटीपर्यंतच्या वेळात आतेभावाने पहिला बांगडा वसूल केला. श्रीवर्धनला अंधारातच शिरलो.

दुसरा दिवस, ६ डिसेंबर: श्रीवर्धन ते हर्णै

बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटीने उतरलो. या फेरीबोटींना इकडे जंगलजेटी का म्हणतात, हे मी तीन ठिकाणी विचारलं आणि तीन निरनिराळी उत्तरं मिळाली. केळशी, आंजर्ले करत दुपारी हर्णैला. रस्ता इतका सुंदर की त्याच्याविषयी लिहीत बसलो तर बोट राहून जाईल.

हर्णै हे आगबोटींचं मोठं बंदर होतं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. इंग्रजांकडून कमोडोर जेम्स होता. त्याचं आरमार म्हणजे बॉम्बे मरीन. त्याच आरमाराची नावं पुढे बदलत गेली आणि १९३४ साली त्याचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. प्रभावती याच नौदलात घेतली गेली. आंग्र्यांची गलबतं ज्यांनी संपवली, त्यांच्याच वारसदारांना पुढे कोकणातल्या आगबोटी लागल्या. इतिहासाला लाज नसते.

आणि गरज मोठी होती. सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू झालं तेव्हा या नौदलाकडे जहाजं होती जेमतेम आठ. किनारा कराचीपासून चितगावपर्यंतचा. मग जे तरंगतं ते घ्या, असं सुरू झालं. व्यापारी आणि प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या, करडा रंग फासला, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, जुनीपानी तोफ बसवली, मागे पाणबुडीवर टाकायचे बाँब ठेवले आणि नावापुढे एच. एम. आय. एस. लावलं. त्यांत एक 'रत्नागिरी'सुद्धा होती. गस्तीच्या बोटीचं काम ऐकायला रुबाबदार, करायला कंटाळवाणं. बंदराच्या तोंडाशी येरझारा घालायच्या. येणाऱ्या जहाजाला थांबवून ओळख विचारायची. सुरुंग झाडायचे. कुणाचं सामान पोहोचवायचं, कुणाला दोर लावून ओढायचं. आणि बुडायचं, तेही कुणाला न कळता. १५४८ टनांची 'पार्वती' ३० एप्रिल १९४१ला तांबड्या समुद्रात असाबजवळ सुरुंगावर गेली. सात महिन्यांनी प्रभावती.

संध्याकाळी धक्क्यावर लिलाव बघायला गेलो. हर्णैचा लिलाव ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही आणि पाहिला आहे त्याला सांगायची गरज नाही. मोठ्या बोटी बाहेर उभ्या. छोट्या होड्या त्यांना जाऊन लागतात, मासळी उतरवून घेतात, किनाऱ्याकडे येतात आणि उथळ पाण्यात बैलगाड्या छातीभर आत शिरून टोपल्या चढवून घेतात. बैल निर्विकार. ओरडा, बर्फ, पाय घसरणं, पापलेटचे भाव. आतेभाऊ कुठे हरवला ते कळलंही नाही.

मी बंधाऱ्यावर बसून होतो. सूर्य बुडाला होता, पाण्यावर अजून तांबूस चकाकी होती. सुवर्णदुर्गाच्या पलीकडे, बरंच आत, एक काळा आकार दिसला. लांबट, पाण्याला चिकटलेला, मधोमध उंचवटा. पुढे-मागे काही नाही. जवळजवळ हलत नव्हता. डोक्यात महिनाभर पाणबुडीच असेल तर दुसरं काय दिसणार? अंगावर काटा आला हे कबूल करतो.

शेजारी जाळं विणत बसलेल्या आजोबांना विचारलं, "ते काय हो, नौदलाचं काही आहे का?"

त्यांनी मान अर्धीच वर केली. "खंयचं नौदल! बोट हाय. दोन्ही अंगांना होड्या लागल्यात."

झालं, एवढंच. कळल्यावर मलाही तेच दिसायला लागलं: मध्ये बोटीची केबिन, दोन्ही बाजूंना आणि थोड्या पुढेमागे बुटक्या होड्या, आणि अंधुक उजेडात तिघींची मिळून एकच लांब काळी रेघ.

माझी आजी सांगायची ती बंदरावरची बोट अशीच तर असणार. हर्णै, रत्नागिरी, मालवण इथे आगबोट धक्क्याला लागतच नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. भोंगा वाजला की किनाऱ्यावरून पडाव निघायचे, बोटीच्या कुशीला जाऊन भिडायचे, आणि लाटेने पडाव वर उचलला की खलाशी बाईमाणसाला दंडाला धरून शिडीवर ओढून घ्यायचा. लाट चुकली तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. कुणाची पेटी पाण्यात, कुणाची कोंबडी. रात्रीबेरात्री कंदिलाच्या उजेडात हेच. उभी बोट, तिला लागलेले पडाव. हा आकार या किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही झोपेत ओळखता आला असता.

८ डिसेंबरच्या रात्री प्रभावती नेमकी त्याच रूपात होती. उभी, आणि कुशीला लायटर. पडावाचेच भाऊबंद ते. 'ग्लासगो'वरून तिच्यावर गोळे सुटले ते सुमारे ६००० यार्डांवरून. त्या पुलावर, म्हणजे कप्तान उभा राहतो त्या ब्रिजवर, हर्णैचा एखादा तांडेल उभा असता तर, असा विचार येतो. पण क्रूझरच्या पुलावर तांडेलाला कोण उभं करतो!

रात्री खानावळीत आतेभावाला हे सगळं सांगितलं. तो काटे काढत म्हणाला, "पण दिव्याने खूण विचारतात ना आधी? तू कोण म्हणून?" विचारतात. युद्धात जहाजं दिव्यावरून सांकेतिक अक्षरं विचारतात आणि ठरलेलं उत्तर द्यावं लागतं. पण तो दिवस आठवावा. पर्ल हार्बर नुकतंच झालेलं. त्याच दिवशी जपानी मलायात उतरलेले. इकडच्या समुद्रातही जपानी येऊन पोहोचल्याच्या बातम्या सुटलेल्या. अशा रात्री समोरच्याला आधी हाक मारायची की आधी गोळा, हे ठरवायला कप्तानाला किती वेळ असेल? मी त्याची बाजू घेत नाही. पण मीही आज बंधाऱ्यावर बसून, पोटात सोलकढी असताना, तीच चूक केली होती.

तिसरा दिवस, ७ डिसेंबर: हर्णै ते रत्नागिरी

दाभोळहून धोपावे, तिथून गुहागर, मग तवसाळहून जयगड. एका दिवसात दोन खाड्या फेरीबोटीने. मोटरसायकलची चेन मध्येच ढिली झाली आणि गुहागरच्या एका पोराने ती दहा मिनिटांत बसवून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हता.

तवसाळच्या धक्क्यावर जयगडच्या फेरीची वाट बघताना एक चाचा भेटले. पांढरी टोपी, चेक्सची लुंगी, हातात नातवाच्या शाळेचे कागद. कुठले, कशाला आलात, या चौकशा झाल्यावर मी नौदलाचं नाव काढलं तर ते एकदम सरसावून बसले. त्यांचे आजोबा नेव्हीत होते. "आमच्या खाडीला घरटी एक माणूस बोटीवर. कोण कंपनीच्या, कोण सरकारी. शेतीत काय होतं? भात चार महिन्यांचं."

खरंच आहे ते. युद्धापूर्वीच्या नौदलात खलाशीभरती मुख्यतः याच रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून व्हायची, आणि त्यांत कोकणी मुसलमान फार. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच. पुढे युद्धात नौदल झपाट्याने वाढलं तशी पंजाबपासून सगळीकडून माणसं घेतली, पण मुळातला खालचा डेक, म्हणजे साधे खलाशी, आमच्या खाड्यांचा. हुकूम इंग्रजीत, शिव्या मात्र कोकणीत असणार.

चाचांच्या आजोबांचा फोटो घरात होता, पुढे पुरात भिजून गेला. जहाजाचं नाव त्यांना सांगता आलं नाही. "लडाईत तोफ चालवली म्हणायचे. कुणावर, ते विचारायचं सुचलं नाही. मी लहान."

फेरीबोट समोरून खाडी कापत येत होती. मी त्यांना 'बेंगाल'ची गोष्ट सांगितली. ती या नौदलाची सांगण्यासारखी गोष्ट, त्यामुळे ती सगळीकडे सापडते. एच. एम. आय. एस. बेंगाल, ऑस्ट्रेलियात बांधलेली नवी कोरी, साडेसहाशे टनांची. सुरुंग काढणारी छोटी नौका, नाळेवर एक १२ पौंडी तोफ. ऑस्ट्रेलियाहून हिंदुस्थानकडे येताना तिच्यासोबत 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज होतं, त्याच्यावर ४ इंची एक तोफ. ११ नोव्हेंबर १९४२ला हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला समोर आली दोन जपानी जहाजं, 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू'. प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर, साडेपाच इंची तोफा, टॉर्पेडो, वर विमानं. बेंगालचा कप्तान विल्सन याने ओंडिनाला पळायला सांगितलं आणि स्वतः सरळ जपान्यांच्या अंगावर गेला. ओंडिना पळाली नाही, तिनेही तोफ चालवली. होकोकू मारूच्या मागच्या भागात गोळा बसला, आग लागली, स्फोट झाला आणि ती बुडाली. ओंडिनाचा कप्तान हॉर्समन मारला गेला. जपान्यांनी होड्यांत उतरलेल्या तिच्या माणसांवरही गोळ्या झाडल्या. तरी उरलेले पुन्हा जहाजावर चढले, आग विझवली आणि ते ऑस्ट्रेलियाला परत नेलं. बेंगालचा दारूगोळा संपत आला तशी धुराचा पडदा सोडून ती निसटली आणि दिएगो गार्सियाला पोहोचली. दोघीही वाचल्या.

तारीख बघितलीत? ११ नोव्हेंबर. 'तुकाराम' आणि 'जयंती'चीच, पंधरा वर्षांनी.

चाचा गोष्ट मन लावून ऐकत होते. "शाब्बास," म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि ती दुसरी? तुम्ही जिच्यासाठी फिरताय म्हणालात ती?"

तिची गोष्ट सांगितली. फेरीबोटीचा लोखंडी पाळणा धाडकन धक्क्यावर आदळला, गाड्या सुरू झाल्या. चाचा उठता उठता म्हणाले, "मग त्यांच्या घरी पत्र काय लिहिलं असेल?"

फेरीत ते पुढे उभे राहिले, आम्ही मागे. पलीकडे उतरल्यावर हात करून गेले. त्या प्रश्नाने मला रत्नागिरीपर्यंत सोबत केली. पत्रात लढताना कामी आले असंच लिहिलेलं असणार, असं मी धरून चाललो होतो, पण हे माझं धरणं. गावात पोस्टमन पत्र वाचून दाखवणार, तो 'ग्लासगो' हा शब्द कसा उच्चारणार?

चौथा दिवस, ८ डिसेंबर: रत्नागिरी ते विजयदुर्ग

मांडवीच्या धक्क्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी. भेळवाल्यांच्या बंद गाड्या, कसरत करणारे काका, सेल्फी. इथून पडाव सुटायचे याची खूण म्हणून धक्काच तेवढा उरलाय. फार थांबलो नाही.

पावस, पूर्णगड, जैतापूर. दुपार उन्हाची. जैतापूरच्या अलीकडे जेवलो. बांगडा नव्हता, आतेभावाने सुरमईवर तडजोड केली आणि दिवसभर तिची आठवण करून दिली.

विजयदुर्गाला चारच्या सुमारास पोहोचलो. किल्ल्याविषयी बरंच लिहिलं गेलंय: १७५६ला आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाचा इथून अभ्यास झाला. हे सगळं गाइड मुलांना सांगत होता आणि मुलं बुरुजावर पळत होती. आम्ही समुद्राच्या बाजूच्या तटावर जाऊन बसलो. खाली बंदर. तिथे आता मासेमारीच्या बोटी.

आतेभावाने फोनवर नकाशा उघडला. "६००० यार्ड म्हणजे?"

"साडेपाच किलोमीटरला थोडं कमी."

त्याने किल्ल्यावरून पलीकडच्या किनाऱ्यावर अंतर मोजत मोजत बोट नेलं आणि साडेपाच किलोमीटर भरली तिथे थांबला. मग दोघांनी मान वर करून त्या दिशेला पाहिलं. झाडीची हिरवी पट्टी होती. त्यात घरं असणार, नकाशात होती. डोळ्यांना एकही दिसेना. भर दिवसा, डिसेंबरच्या स्वच्छ हवेत. दुर्बिणीतून दिसली असती, क्रूझरवर दुर्बिणी उत्तम असतात. पण तेव्हा रात्र होती, आणि युद्धात जहाजं दिवे मालवून चालतात.

"इतक्या लांबून नेम लागतो?" त्याने विचारलं.

लागतो. 'ग्लासगो'वर सहा इंची बारा तोफा होत्या. ५५६ टनांच्या उभ्या बोटीला त्यांतल्या थोड्याही पुरतात. नेम चुकला नव्हता. वाचलेल्यांना नंतर 'ग्लासगो'नेच पाण्यातून उचललं आणि कोचीनला उतरवलं. त्या रात्री त्या डेकवर, ओल्या कपड्यांत, ज्यांनी मारलं त्यांच्याच हातचा चहा घेताना ही माणसं काय बोलली असतील? बहुधा काही नाही. आपल्याकडची माणसं अशा वेळी चहा घेतात आणि कप परत देतात.

सूर्य बुडाल्यावर पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. उठता उठता आतेभावाने समुद्राकडे बोट केलं. दूर एक ठिपका होता, किनाऱ्याकडे येणारा की जाणारा ते कळत नव्हतं.

"आता सांग. ट्रॉलर की आणखी काही?"

"अंधार झाला," मी म्हणालो.

पहारेकरी जवळ आला. "चला हो, दरवाजो बंद करूचो हा." मग त्यानेही सवयीने तिकडे पाहिलं. "आमच्याच गावचो तो," म्हणाला आणि किल्ल्या वाजवत पुढे निघाला.